लाईट जाऊन आली की एनव्हीआरवरून गायब होणारा स्वस्त आयपी कॅमेरा

बहुतेकांची तक्रार एकाच साच्यातली असते. स्वस्तातला आयपी कॅमेरा घेतला, घरातल्या एनव्हीआरला (नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरला) जोडला, चित्र आलं, काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस लाईट जाऊन आली आणि एनव्हीआरमधल्या त्या कॅमेऱ्याच्या जागेवर, म्हणजे चॅनलवर, काळी चौकट. कधी 'नेटवर्क मिळत नाही' असा निरोप, कधी 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा'. टेक्निशियन येतो, चॅनल काढून पुन्हा जोडतो, व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच.

चॅनल काढून जोडल्याने चित्र परत येतं, पण मूळ दुखणं तिथेच राहतं. एनव्हीआरच्या लेखी कॅमेऱ्याची ओळख म्हणजे त्याचा पत्ता (नेटवर्कवरचा आयपी ॲड्रेस), त्याचा पासवर्ड आणि त्याचं घड्याळ. पासवर्ड आपोआप बदलत नाही. पत्ता आणि घड्याळ मात्र स्वस्त कॅमेऱ्यात लाईट गेल्यावर हमखास हलतात, आणि गंमत म्हणजे घड्याळ हललं तरी एनव्हीआर दोष पासवर्डलाच देतो.

आधी हे बघून घ्या

कॅमेरा एनव्हीआरला जोडण्यालायक आहे ना? खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'ऑनव्हिफ' किंवा 'आरटीएसपी' (नेटवर्कवरून चित्र पाठवण्याची एक पद्धत) यांपैकी एक तरी शब्द हवा. ऑनव्हिफ ही संस्था ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये सुरू केली, वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी बोलावेत म्हणून. आज साधारण सगळे एनव्हीआर या संस्थेची ऑनव्हिफ नावाचीच पद्धत ओळखतात. पण फक्त मोबाईल ॲप आणि क्लाउडवर चालणारे बरेच वाय-फाय कॅमेरे ते ओळखत नाहीत. शाओमीचे घरगुती कॅमेरे याचं ओळखीचं उदाहरण. अशा कॅमेऱ्यावर संध्याकाळ घालवू नका, तो ॲपवरच चालवा.

दुसरं, तुमच्याकडचा डबा खरोखर एनव्हीआर आहे का तेही बघा. मागे गोल बीएनसी सॉकेटांची रांग असेल तर तो डीव्हीआर, म्हणजे जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे. नव्या हायब्रिड डीव्हीआरमध्ये काही आयपी चॅनल घेता येतात, पण त्यासाठी अनेकदा मेनूत जाऊन तेवढी ॲनालॉग चॅनल बंद करावी लागतात.

पत्ता का बदलतो

नव्या कॅमेऱ्यात कंपनीने एक पत्ता घालून दिलेला असतो. दाहुआचा १९२.१६८.१.१०८, हिकव्हिजनचा १९२.१६८.१.६४, आणि बिनब्रँडच्या किंवा कुणाच्याही नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक चिनी कॅमेऱ्यांचा १९२.१६८.१.१०. आता घरचं नेटवर्क बघा. जिओफायबर असेल तर राउटर १९२.१६८.२९.१ वर असतो. म्हणजे कॅमेरा '१' च्या गल्लीत आणि बाकी घर '२९' च्या गल्लीत. एकाच केबलला असूनही दोघांची भेट होत नाही. एनव्हीआरच्या शोधयादीत कधी कॅमेरा दिसतो, 'जोडा' म्हटलं की अडतो, त्याचं कारण बहुधा हेच.

कॅमेऱ्याला डीएचसीपीवर (पत्ता राउटरकडून आपोआप घेण्याच्या सेटिंगवर) ठेवलं तर राउटर त्याला योग्य गल्लीतला पत्ता देतो आणि पहिल्या दिवशी सगळं जुळतं. मग लाईट जाते. परत आल्यावर काय घडतं ते सेकंदासेकंदाने पाहण्यासारखं आहे. कॅमेरा मिनिटभराच्या आत उठतो. राउटरला, विशेषतः फायबरच्या, त्याहून जास्त वेळ लागतो. कॅमेरा पत्ता मागतो तेव्हा द्यायला कोणीच जागं नसतं. काही कॅमेरे वाट पाहून पुन्हा मागतात. काही मात्र हट्टाने कंपनीच्या मूळ पत्त्यावर जाऊन बसतात, काही १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात, आणि पुढच्या रीस्टार्टपर्यंत हलत नाहीत. शिवाय बरेच घरगुती राउटर बंद पडल्यावर आधी कुणाला कोणता पत्ता दिला होता हे विसरतात. मग अंगणातल्या कॅमेऱ्याचा जुना पत्ता बैठकीतल्या टीव्हीला मिळतो आणि एनव्हीआर टीव्हीकडे चित्र मागत बसतो.

म्हणून पत्ता पक्का करा. दोन रस्ते आहेत. राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये कॅमेऱ्याचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा कायमचा ओळखक्रमांक) घालून पत्ता राखून ठेवता येतो. पण वर सांगितलेली शर्यत राउटर हरला तर या राखीव पत्त्याचाही उपयोग नाही. मी कॅमेऱ्यातच स्टॅटिक, म्हणजे हाताने ठरवलेला न बदलणारा पत्ता घालतो. तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा हवा. पट्ट्यातला शेवटचा आकडा १०० ते १९९ असेल तर कॅमेऱ्यांना २०१, २०२ असे द्या. आणि एनव्हीआरलाही स्टॅटिकच पत्ता द्या, हे लोक हमखास विसरतात.

कॅमेरा दुसऱ्या गल्लीत असताना त्याच्या पानावर पोहोचायचं कसं? कॅमेरा केबलने थेट लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपच्या इथरनेटला हाताने १९२.१६८.१.५० असा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० असा मास्क द्या, वाय-फाय तात्पुरतं बंद करा आणि ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा मूळ पत्ता टाका. पान उघडलं पण चित्राच्या जागी 'प्लगइन बसवा' असं आलं तर घाबरू नका. जुन्या कॅमेऱ्यांची पानं इंटरनेट एक्स्प्लोररसाठी लिहिलेली आहेत. तो मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केला, पण एज ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्याचा जुना अवतार अजून चालू करता येतो. तसंही, आपल्याला चित्र नको, नेटवर्कचं पान हवं आहे. पत्ता माहीतच नसेल तर कंपनीचं शोधसाधन वापरा. बहुतेक मोठ्या कंपन्या ते फुकट देतात.

पत्ता बदलताना गेटवेही, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ताही बदला. ही छोटी चौकट पुढच्या सगळ्या डोकेदुखीची सुरुवात असते. पत्ता १९२.१६८.२९.२०१ केला आणि गेटवे जुनाच १९२.१६८.१.१ राहिला, तर एनव्हीआरला चित्र व्यवस्थित मिळतं, कारण दोघं एकाच गल्लीत आहेत. पण कॅमेऱ्याला घराबाहेरचा रस्ता माहीत नसतो. बाहेर जाता येत नाही म्हणजे वेळ विचारता येत नाही.

एकाच कंपनीचे चार कॅमेरे एकदम आणले असतील तर चौघांचाही मूळ पत्ता एकच असण्याची शक्यता मोठी. एकेक जोडा, पत्ता बदला, मग पुढचा.

ज्यांच्या एनव्हीआरला मागे स्वतःचे पीओई पोर्ट (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारे सॉकेट) आहेत त्यांचा मामला थोडा वेगळा. तिथे एनव्हीआर कॅमेऱ्यांसाठी आपलं वेगळं नेटवर्क चालवतो आणि पत्ताही बहुधा स्वतःच देतो. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा तिथे लावला तर चॅनल 'प्लग अँड प्ले'वरून 'मॅन्युअल'वर न्यावं लागतं आणि कॅमेऱ्याला त्या आतल्या नेटवर्कमधलाच पत्ता द्यावा लागतो. जमत नसेल तर कॅमेरा घरच्या नेटवर्क स्विचला लावून चॅनलमध्ये त्याचा पत्ता टाकणं सोपं पडतं.

पासवर्ड बरोबर, तरी 'पासवर्ड चुकीचा'

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. पासवर्ड दहादा तपासतात, कॅमेरा फॅक्टरी रीसेट करतात, शेवटी कॅमेरा परत करतात. दोष घड्याळाचा असतो.

ऑनव्हिफमध्ये एनव्हीआर पासवर्ड उघड्यावर पाठवत नाही. पासवर्ड, एक यादृच्छिक आकडा आणि त्या क्षणाची वेळ एकत्र घोटून त्यातून एक खूण तयार करतो आणि ती पाठवतो. कुणी ती खूण चोरून उद्या वापरू नये म्हणून कॅमेरा वेळ तपासतो. खुणेतली वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ यांत फार अंतर दिसलं की तो दार लावून घेतो. किती अंतर खपवून घ्यायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एनव्हीआरच्या पडद्यावर मात्र 'पासवर्ड चुकीचा' एवढंच उमटतं.

स्वस्त कॅमेऱ्यात घड्याळ जपणारी बॅटरी बहुतेक नसतेच. लाईट गेली की घड्याळ १९७० किंवा २००० सालात जाऊन पडतं. लाईट आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळाली तर ठीक, नाहीतर कॅमेरा त्याच सालात जगत राहतो. ॲपवर चित्र दिसतं, कारण ॲपला बहुधा या वेळेशी देणंघेणं नसतं. म्हणून माणूस म्हणतो, 'कॅमेरा चांगला आहे, एनव्हीआरच बिघडलाय.'

यातला एक प्रकार फारच फसवा आहे. कॅमेरा चीनमधून येतो तेव्हा त्याचा टाइम झोन अनेकदा बीजिंगचा, म्हणजे अधिक ८ तासांचा असतो. चित्रावर वेळ अडीच तास पुढची दिसते. आपण टाइम झोनकडे न बघता वेळ हाताने दुरुस्त करतो. आता चित्रावरची वेळ आणि एनव्हीआरची वेळ मिनिटाला मिनिट जुळते. आणि नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची जोडणी तुटते! कारण ऑनव्हिफ स्थानिक वेळ बघत नाही, जागतिक वेळ बघतो. सकाळी दहा वाजता एनव्हीआर दहातून साडेपाच तास वजा करतो, त्याच्या लेखी जागतिक वेळ साडेचार. कॅमेरा दहातून आठ वजा करतो, त्याच्या लेखी दोन. अडीच तासांचा फरक, दार बंद. डोळ्यांना दोन्ही घड्याळं सारखी दिसत असल्यामुळे हा दोष कुणाला सापडत नाही.

उपाय क्रमानेच करा. दोन्हीकडे टाइम झोन अधिक ५:३०. 'डेलाइट सेव्हिंग' दोन्हीकडे बंद, आपल्याकडे त्याचा संबंध नाही. मग वेळ. मग कॅमेऱ्यात 'एनटीपी' (नेटवर्कवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय) चालू करा. सर्व्हरच्या चौकटीत काय घालायचं? एनव्हीआरमध्ये कॅमेऱ्यांना वेळ देण्याची सोय असेल, आणि अनेकांत असते, तर तिथे एनव्हीआरचाच पत्ता घाला. मग इंटरनेट बंद असलं तरी घरातली घड्याळं एकमेकांशी जुळलेली राहतात, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. तशी सोय नसेल तर राउटर वेळ देतो का पाहा. तेही नसेल तर पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर, टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग. हे पत्ते अर्थातच रोमन लिपीत टाकायचे. नावाने पत्ता घातला की कॅमेऱ्यात डीएनएसही (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) भरलेला हवा, राउटरचा पत्ता चालतो. वेळ तपासण्याचं अंतर चोवीस तासांऐवजी तासाभराचं ठेवा.

एनव्हीआरचं स्वतःचं घड्याळही बघा. आत नाण्यासारखी बटणबॅटरी असते, काही वर्षांनी ती संपते. मग सगळेच ऑनव्हिफ कॅमेरे एकदम तुटतात आणि एनव्हीआरच्याच कंपनीचे तेवढे चालू राहतात.

पासवर्डचं कुलूप

घड्याळ दुरुस्त केलं आणि तरीही तोच निरोप आला, तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत पाच-सात चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं अर्धा तास बंद होतं. इकडे एनव्हीआर थकत नाही, तो दर काही सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत राहतो. त्यामुळे कुलूप उघडलं की लगेच पुन्हा लागतं. आधी एनव्हीआरवरून ते चॅनल काढा, मग कॅमेरा बंद करून चालू करा, आणि त्यानंतरच चॅनल पुन्हा जोडा. क्रम उलटा केला तर काही उपयोग नाही.

इथेच आणखी एक गाठ आहे. काही कंपन्यांत कॅमेऱ्याचा मुख्य पासवर्ड आणि ऑनव्हिफचा पासवर्ड वेगवेगळे असतात. हिकव्हिजनच्या नव्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑनव्हिफ मुळात बंदच असतं. नेटवर्कच्या प्रगत सेटिंगमध्ये 'इंटिग्रेशन प्रोटोकॉल'खाली ते चालू करून तिथे वेगळा युजर बनवावा लागतो. टीपी-लिंकच्या टॅपो कॅमेऱ्यांत ॲपमधल्या प्रगत सेटिंगमध्ये 'कॅमेरा अकाउंट' बनवावं लागतं. ॲपच्या लॉगिनचा ईमेल आणि पासवर्ड एनव्हीआरमध्ये टाकून काहीही होणार नाही.

पोर्ट

एनव्हीआरमध्ये चॅनल जोडताना प्रोटोकॉल, म्हणजे कॅमेऱ्याशी बोलण्याची भाषा, निवडायचा असतो. यादीत सर्वात वर एनव्हीआरच्या कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल असतो आणि पोर्टच्या (पत्त्यावरच्या दाराच्या क्रमांकाच्या) चौकटीत त्याचा आकडा आधीच भरलेला असतो, हिकव्हिजनमध्ये ८०००, दाहुआमध्ये ३७७७७. आपण प्रोटोकॉल बदलून ऑनव्हिफ करतो, पण पोर्ट तसाच राहिला तर कॅमेरा सापडत नाही. ऑनव्हिफचा पोर्ट बहुधा ८०. टॅपोचा २०२०. पत्ता १९२.१६८.१.१० असलेल्या त्या चिनी कॅमेऱ्यांचा बहुधा ८८९९.

ऑनव्हिफ काही केल्या जमलं नाही तर आरटीएसपी हा सरळ रस्ता आहे, पोर्ट ५५४. एनव्हीआरच्या प्रोटोकॉल यादीत 'कस्टम' असा पर्याय शोधा आणि कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातली आरटीएसपीची ओळ त्यात टाका. एनव्हीआरमध्ये टाकण्याआधी ती लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये टाकून पाहा. व्हीएलसीत चित्र आलं तर कॅमेरा, केबल, पत्ता आणि पासवर्ड हे चारही निर्दोष. उरतो एनव्हीआर. ही एवढी एक चाचणी केली असती तर निम्मे कॅमेरे दुकानात परत गेले नसते, असं माझं मत आहे.

या ओळीत पासवर्ड मधोमध असतो आणि त्याच्या नंतर @ हे चिन्ह येतं. पासवर्डमध्येच @, # किंवा / असेल तर ओळ तिथेच तुटते. कॅमेऱ्यासाठी लांब पण फक्त अक्षरं आणि आकडे असलेला पासवर्ड ठेवा.

चॅनल चालू, चित्र काळं

हे वेगळं दुखणं आहे. जोडणी झाली आहे, पण एनव्हीआरला कॅमेऱ्याची भाषा उलगडत नाही. कॅमेरा व्हिडिओ आकसण्याची एच.२६५ ही पद्धत किंवा तिचा कंपनीने वाढवलेला 'प्लस' अवतार पाठवत असतो आणि जुना एनव्हीआर फक्त एच.२६४ जाणतो. कॅमेऱ्यात मेनस्ट्रीम (मोठं चित्र) आणि सबस्ट्रीम (छोटं चित्र) दोन्ही एच.२६४ करा, 'प्लस' किंवा 'स्मार्ट' असा काही पर्याय असेल तर बंद करा. चार चौकटींत चित्र दिसतं आणि एक चौकट मोठी केली की काळी पडते, तेव्हा सबस्ट्रीम चालतोय आणि मेनस्ट्रीम झेपत नाही असं समजा.

एच.२६४ ला जागा जास्त लागते, हेही लक्षात ठेवा. एक कॅमेरा सतत ४ एमबीपीएसने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात. १ टीबीच्या डिस्कवर असे चार कॅमेरे सहा दिवसही पुरे टिकत नाहीत. तरीही परक्या कंपनीच्या कॅमेऱ्याला मी सतत रेकॉर्डिंगवरच ठेवतो. हालचालीवरचं रेकॉर्डिंग ऑनव्हिफमधून कधी पोहोचतं, कधी नाही, आणि नाही पोहोचलं हे चोरी झाल्यावर कळतं.

रोज संध्याकाळी जाणारा कॅमेरा

लाईट न जाता, अंधार पडला की कॅमेरा जातो आणि सकाळी परत येतो, तर सेटिंगला हात लावू नका. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो आणि केबलवर व्होल्टेज पडतं. नेटवर्क केबलच्या उरलेल्या चार तारांतून १२ व्होल्ट पाठवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. स्वस्त केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. अर्ध्या अँपिअरला तीस मीटरवर १२ चे जेमतेम १० व्होल्ट उरतात. दिवे लागले की कॅमेरा बंद पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. ॲडाप्टर कॅमेऱ्याजवळ लावा, किंवा कॅमेऱ्यात ४८ व्होल्टचं खरं पीओई असेल तर पीओई स्विच घ्या. आणि कॅमेऱ्याच्या शेपटीतला केबलचा जोड उघड्यावर लोंबकळत ठेवू नका. कोकणात एका पावसाळ्यात त्या पिना हिरव्या होतात.

राउटर

परवडत असेल तर राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. लाईट गेल्यावरही राउटर जागा राहिला की वरची पत्त्याची शर्यतच होत नाही. मोबाईलवर बाहेरून बघण्यासाठी मात्र राउटरवर कॅमेऱ्याचे पोर्ट उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेक तास अडकवल्या होत्या. बाहेरून बघायचं तर एनव्हीआरचं ॲप वापरा.

सगळं झाल्यावर टेक्निशियन घरात असतानाच मेन स्विच पाडा. पाच मिनिटं थांबा आणि चालू करा. राउटर पूर्ण उठू द्या. मग कॅमेऱ्याच्या पानावर जाऊन पत्ता, गेटवे, टाइम झोन आणि वर्ष बघा, एनव्हीआरवर चौकट मोठी करून बघा, आणि पाच मिनिटांपूर्वीचं रेकॉर्डिंग चालवून बघा. हे झालं की पैसे द्या.